रिंग टेनिसचा रविवार

"बाई, जाळी काढून आणायला सांगितलंय मला."

श्रीपती शिपाई कोर्टाच्या कडेला येऊन उभा राहिला तेव्हा रिंग विमलबाईंच्या हातात होती आणि जाळीपलीकडे नंदा दोन्ही पाय रोवून वाट बघत होती. रिंग हातात आली की थांबायचं नाही, लगेच परत फेकायची, असा नियम. बाईंनी ती जाळीवरून पार कोपऱ्यात टाकली. नंदा धावली, वाकली आणि जमिनीपासून वीतभरावर तिनं ती एका हातानं झेलली. कडेला उभ्या असलेल्या मुलींनी एकच गलका केला.

"कुणी सांगितलं?" धापा टाकत बाईंनी विचारलं.

"साहेबांनी. जाळी, दोन्ही रिंगा, समदं जिमखान्याच्या कपाटात जमा करा म्हन्ले. आन् तुमाला वर बोलावलंय."

"किती वाजले?"

"पावणेसहा होऊन राह्यले."

"मग सहाला काढ," बाई म्हणाल्या आणि परत आपल्या जागेवर गेल्या.

श्रीपतीनं क्षणभर विचार केला आणि तो जाळीच्या खांबाला पाठ टेकून खाली बसला.

ही गोष्ट एकोणसाठ सालच्या डिसेंबरातली. जालन्याचं लोकविद्या महाविद्यालय तेव्हा जिनिंगच्या एका जुन्या गोदामात भरत असे. सरकी ठेवायच्या खोलीत ग्रंथालय होतं. विमलबाई राजूरकर तिथं कारकून होत्या. वय चौतीस, अंगानं किडकिडीत, कपाळ मोकळं, फिक्या रंगाचं लुगडं. माहेर भोकरदनचं. सोळाव्या वर्षी तीर्थपुरीला दिलं आणि बाविसाव्या वर्षी विषमज्वरात नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ जगन्नाथ जालन्याला कचेरीत नोकरीला होता, त्यानं बहिणीला आणलं आणि घरी अभ्यास करवून मॅट्रिकला बसवलं. पुढं कॉलेज निघालं, तेव्हा ग्रंथालयात चिकटवून दिलं. आयुष्य असं कुणीतरी उचलून कुठंतरी ठेवल्यासारखं होत आलं होतं आणि विमलबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाचं पत्र आलं, की जिथं विद्यार्थिनी आहेत तिथं मुलींच्या खेळांची सोय हवी. कॉलेजात बाईमाणूस म्हणजे एक विमलबाईच. प्राचार्यांनी त्यांना बोलावलं आणि एक रबरी रिंग व नियमांची चोपडी हातात दिली. बाईंनी जन्मात फुगडीपलीकडं काही खेळलेलं नव्हतं. त्यांनी चोपडी तीनदा वाचली. ग्रंथालयामागच्या रिकाम्या जागेत दोरी धरून चुन्याच्या रेघा मारल्या. मुली तेव्हा चारच होत्या. पहिल्या दिवशी कुणालाच रिंग झेलता येईना. शेवटी बाईंनीच झेलली. तळहात चरचरला. त्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "परत टाक गं."

तेव्हापासून पाच ते सहा हा तास ठरला. मुली नऊ झाल्या. शहरातल्या मुली पाचवारी पातळात अडखळायच्या. वाटूरच्या कडूबा शेतकऱ्याची नंदा मामाकडं राहून शिकत होती. ती काष्टा घालून यायची, पहिले काही दिवस बाकीच्या तिला हसल्या आणि मग कोर्टावर तिच्यामागं कुणाला पळता येईना.

सहा वाजता खेळ संपवून, तोंडावर पाणी मारून बाई वर गेल्या.

प्राचार्य सातोनकरांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः मात्र उठून खिडकीपाशी गेले.

"विमलबाई, काल कमिटीत ठरलं. मुलींचा खेळ-विभाग बंद करायचा. खेळ आजपासून, कागदावर या महिनाअखेर."

"काही चुकलं का आमचं?"

"बिलकुल नाही. पैशाचं आहे सगळं. खेळाची फी विद्यार्थ्यामागं तीन रुपये. मोठ्या कॉलेजात हजार मुलं असतात, आपल्याकडं एकशे तीस. त्यात क्रिकेटचं सामान, व्हॉलीबॉल, हुतूतूच्या पोरांचा प्रवास. अनुदान यंदा निम्मंच आलं. कुठंतरी कात्री लागणारच."

"सर, आमचा खर्च तरी काय आहे? जाळी आहे ती आहे. वर्षाला दोन रिंगा आणि चुना."

"इथला तेवढाच. पण स्पर्धा? औरंगाबादला दोन मुक्काम, मुलींची वेगळी उतरायची सोय, जेवणं, सोबत तुम्ही. तेवढ्यात मुलांच्या दोन टीमा जाऊन येतात. गेल्या साली आपण गेलो नाही, त्याच्या आदल्या सालीही नाही. स्पर्धाच नाही तर विद्यापीठ विभाग धरत नाही. खजिनदार रामरावांनी हे सगळं मांडलं आणि मला उत्तर देता आलं नाही." ते वळले. "तुमचा दहा रुपयांचा भत्ताही या महिन्यापुरताच."

"समजलं," विमलबाई म्हणाल्या.

खाली आल्या तेव्हा श्रीपतीनं जाळी धोतरासारखी नीट घडी घालून काखेत धरली होती.

घरी वहिनी शरयू भाकऱ्या थापत होती. विमलबाई चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "बंद झालं, वहिनी. खेळाचं. पुढल्या महिन्यापासून दहा रुपये कमी येतील."

शरयूनं तव्यावरची भाकरी उलटली. "गल्लीतल्या बाया गप बसतील आता. तुमच्या वन्सं पोरींसंगं उड्या मारून राह्यल्या म्हणून मलाच ऐकवायच्या." तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. मग म्हणाली, "वन्सं, एक विचारू का? दोन वर्षांखाली तुम्ही अर्धी भाकरी खाऊन उठायच्या. मला वाटायचं माझ्या हाताला चव न्हाई. हे खेळायला लागल्यापासून दोन खाताय. आता परत अर्ध्यावर येणार असाल तर आधी सांगा, मी पीठ त्या मापानं मळते."

विमलबाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. धुरामुळं ते वहिनीला दिसलं नाही. बाईंनी त्या दिवशीही दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी नंदा ग्रंथालयात आली. तिला कळलं होतं.

"औरंगाबादच्या खर्च्यापायी बंद करून राह्यले म्हणं," ती म्हणाली. "पण बाई, आमी तसंबी जाणारच न्हवतो. माझे दादा रातीला बाहेर ऱ्हाऊ देत न्हाईत. कुलकर्ण्यांच्या दोघींचंबी तेच. मंग ज्या गावाला कुणी जाणार न्हाई त्याच्या भाड्यापायी खेळ बंद?"

विमलबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांनी कधी असा विचारच केला नव्हता. नंदा गेल्यावर त्यांनी पत्रव्यवहाराची फाइल काढली आणि विद्यापीठाचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र शोधलं. त्यात औरंगाबादचं नाव नव्हतं. मुक्कामाचंही नव्हतं. 'वर्षातून निदान अन्य दोन महाविद्यालयांच्या संघांशी सामने व्हावेत,' एवढंच लिहिलेलं होतं. कुठं, ते लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी दोन पोस्टकार्डं लिहिली. एक औरंगाबादच्या एका लहान कॉलेजला, एक परभणीच्या. जालना दोन्हींच्या मधे, एकाच रेल्वेवर. सकाळच्या गाडीनं या, रविवारी दिवसभर खेळू, संध्याकाळच्या गाडीनं परत. विद्यार्थ्यांना अर्धं भाडं पडतं, ते ज्या त्या कॉलेजनं द्यावं. जेवण आमच्याकडं.

औरंगाबादचा होकार चार दिवसांत आला. परभणीचं उत्तर यायला दहा दिवस लागले. खाली सही रमाबाई अशी होती. 'आमचा विभाग दिवाळीतच बंद झाला. मैदानावर मुलांचे खेळ असतात. मुली माझ्या घराच्या गच्चीवर खेळतात. असा संघ चालत असेल तर आम्ही नक्की येऊ. प्राचार्यांची परवानगी मी मिळवते.' विमलबाईंनी ते कार्ड प्राचार्यांपुढं ठेवलं, सोबत विद्यापीठाचं पत्र.

सातोनकरांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला. "हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? माझी ना नाही, बाई. पण पैसा आणि मैदान रामरावांच्या हातात आहे. त्यांच्याशी तुम्हीच बोला. मी बोललो तर पुन्हा गप्प बसेन."

रामराव वकील हे संस्थेचे खजिनदार. हैदराबादला शिकताना क्रिकेट खेळलेले. दर रविवारी कॉलेजच्या पोरांना स्वतः खेळवायचे. विमलबाई त्यांच्या बैठकीत गेल्या तेव्हा ते पक्षकारांच्या कागदांत बुडालेले होते.

"राजूरकरबाई, त्या विषयाचा निकाल लागलाय. आणि पैसा मागाल तर खरंच नाही."

"पैसे नको आहेत. एक रविवार पाहिजे. मैदानाचा एक कोपरा, दुपारी एकपर्यंत. ग्रंथालयामागची जागा तीन संघांना पुरणार नाही."

"रविवारी आमचं क्रिकेट असतं."

"एकच्या आत तुमची मुलं जमत नाहीत, साहेब. रविवारीही ग्रंथालय उघडं असतं, सहा महिने खिडकीतून बघतेय."

रामरावांनी मान वर केली. बाईंनी सगळं सांगितलं, गाड्यांच्या वेळांसकट. ते ऐकून घेत होते, पण चेहरा काही सांगत नव्हता.

"यंदा जमेल," ते म्हणाले. "पुढच्या साली काय? परत माझ्यापुढं येऊन बसाल. एक साल जमवणं सोपं असतं, बाई. विभाग दरसाल चालवावा लागतो."

"पुढच्या साली परभणी. त्याच्या पुढं औरंगाबाद. ज्याच्या गावी सामने, त्यानं जेवण द्यायचं. तीन सालांत एकदा आपली पाळी. मुक्काम कधीच नाही." "आणि माझा भत्ता बंद झालाय तो बंदच राहू द्या. त्यातले बारा महिन्यांतून एका महिन्याचे जरी विभागाला दिलेत तरी रिंगा, चुना आणि भाडं भागतं."

"आणि तुम्ही फुकट करणार?"

"पाच ते सहा मी तसंही घरी जाऊन काय करणार?"

रामरावांनी पक्षकारांचे कागद बाजूला केले. "दगाफटका झाला, एखादी पोर पडली-झडली, तर जबाबदार कोण?"

"मी."

"लिहून द्या," ते म्हणाले आणि कागद पुढं सरकवला. "सामने होऊ द्या. जाळी-रिंगा कपाटातून काढून घ्या. दोन्ही टीमा खरंच आल्या तर सोमवारी कमिटीपुढं ठेवतो. न आल्या, तर विषय संपला."

गुरुवारी नंदाचे दादा, म्हणजे वडील कडूबा, कापूस घेऊन मोंढ्यात आले आणि तिथून ग्रंथालयात. खुर्चीवर बसेनात. "पोरगी कुठं खेळती ते बघू द्या," म्हणाले. बाईंनी त्यांना मागं नेलं. त्यांनी चुन्याच्या रेघांभोवती एक फेरी मारली आणि खांब हलवून बघितला.

"एवढंच हाय व्हय? मला वाटलं काय आन् काय. रातीला कुठं ऱ्हायाचं न्हाई ना?"

"नाही. या सामन्याला तर गावाबाहेरही जायचं नाही."

"मंग खेळू द्या. पाव्हण्या किती येणार?"

"दहा-बारा."

"हुरडा म्या आणतो. ज्वारी ऐन दुधात आलीया."

जानेवारीतला तो रविवार उजाडला. औरंगाबादची गाडी वेळेवर आली. पाच मुली आणि त्यांच्या बाई उतरल्या, टांग्यात बसून मैदानावर गेल्या. परभणीची गाडी नऊला यायची होती. साडेनऊ झाले, दहा झाले. विमलबाई फलाटावर उभ्या होत्या. हमाल म्हणाला, परतूरपाशी मालगाडीनं खोळंबा केलाय. सव्वादहाला श्रीपती मैदानावरून धावत आला आणि विचारून गेला. बाईंच्या डोक्यात रामरावांचं वाक्य घोळत होतं. आले नाहीत तर कुणाला दोष देणार? पोस्टकार्डावर कुणी कुणाला बांधून घेतं का? परभणीच्या प्राचार्यांनी ऐन वेळी नाही म्हटलं असेल. एखादीच्या वडिलांनी. की सगळ्यांच्याच.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी धूर दिसला.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून आधी एक म्हातारी उतरली. एका मुलीच्या वडिलांनी आजीला सोबत धाडलं होतं. तिच्यामागून चार मुली. शेवटी पन्नाशी ओलांडलेल्या, जाडजूड, नऊवारीतल्या एक बाई; त्यांनी रिंग बांगडीसारखी दंडापर्यंत चढवली होती.

"रमाबाई का?" विमलबाईंनी विचारलं.

"हो. उशीर झाला हो, बाई. रागावलात का?"

विमलबाईंनी मान हलवली आणि म्हातारीच्या हातातलं गाठोडं घेतलं. फलाटावरून बाहेर पडताच त्यांनी टांगेवाल्याला हाक मारली.

परभणीच्या मुलींनी सगळ्यांना हरवलं. त्यांच्या हातून रिंग पडतच नव्हती. औरंगाबादच्या बाईंनी विचारलं, तुम्ही असं काय शिकवता? रमाबाई म्हणाल्या, "काही नाही. गच्चीवरून रिंग खाली गेली की जिच्या हातून सुटली तिनं तीन जिने उतरून आणायची. दोन महिन्यांत सुटायची थांबली."

एक वाजता रामराव क्रिकेटची पोरं घेऊन आले तेव्हा नंदाचा शेवटचा डाव अजून चालू होता. पोरं कुरकुरायला लागली. रामरावांनी घड्याळ बघितलं, मग कोर्टाकडं बघितलं. नंदानं मागच्या रेघेवरून रिंग झेलली आणि त्याच हातानं परत टाकली.

"बसा खाली," ते पोरांना म्हणाले. "चाललाय तो डाव पुरा होऊ द्या. आपल्यात असा झेल घेणारा कुणी आहे का ते बघून घ्या."

नंदा एकवीस-सतरानं हरली. कोपऱ्यात गोवऱ्यांच्या आगीत कणसं भाजत बसलेल्या कडूबांनी विचारलं, "हरली व्हय?"

"हरले, दादा."

"मंग पुढल्या साली परभनीला जाऊन फेड. सकाळी जायाचं, दिवस मावळायच्या आत माघारी." आणि ते हुरडा चोळायला लागले.

ठिकठिकाणच्या घरांतून आलेल्या भाकऱ्या, शरयूनं दिलेली तिळाची चटणी आणि हुरडा अशी पंगत झाली. क्रिकेटची पोरंही येऊन बसली. जेवणं झाल्यावर मैदान त्यांना मोकळं करून दिलं आणि जाळी ग्रंथालयामागं नेऊन बांधली. मुली सावलीत पसरल्या होत्या. रमाबाईंनी पदर खोचला.

"या. आपण दोघी एक खेळू."

"मी?"

"मुलींना शिकवायला तुम्ही, मग खेळायला कोण?"

त्या एक डाव खेळल्या, मग दुसरा, मग तिसरा. रमाबाई पळत नव्हत्या, पण रिंग अशा ठिकाणी टाकत होत्या की विमलबाईंना सारखं पळावं लागत होतं. मुली उठून बसल्या. परभणीची आजी दोघींनाही ओरडून सूचना देत होती. कोण जिंकलं ते पुढं दोघींनाही सांगता आलं नाही, कारण दोघी आकडे विसरल्या होत्या आणि मुलींचं आपसात एकमत होईना.

संध्याकाळी आधी परभणीची गाडी गेली, मग औरंगाबादची. फलाट मोकळा झाला. घरी जाऊन विमलबाई जेवल्या आणि जमिनीला पाठ लागताच झोपल्या.

सोमवारी दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. ते हसत होते.

"कमिटीनं मान्य केलं. विभाग चालू. दरसाल आळीपाळीनं तीन गावं, मुक्काम नाही. रामरावांनी स्वतः ठराव लिहिला. विद्यापीठाला आजच कळवतो." त्यांनी एक कागद पुढं केला. मग आवाज जरा उतरला. "फक्त हे. तुम्ही भत्ता सोडताय, त्याची संमती. इथं सही."

विमलबाईंनी टाक घेतला. पहिलंच अक्षर वाकडं गेलं. दुसरं रेघेखाली घसरलं. हात थरथरत होता, आणि नावाच्या जागी काहीतरी वेडंवाकडं उमटलं.

सातोनकरांनी ते बघितलं आणि त्यांची नजर खाली गेली. "वाईट वाटतंय ना, बाई? साहजिक आहे. घरात दहा रुपये कमी होणं म्हणजे..."

"नाही हो, सर," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी उजवा दंड डाव्या हातानं धरला आणि जरा चोळला. "हात दुखतोय. काल तीन डाव खेळले."

आणि मनगट टेबलावर नीट टेकवून, सावकाश, त्यांनी खाली पुन्हा एकदा आपलं पूर्ण नाव लिहिलं.